राजवाडा उघडाच होता

(बँकॉकच्या राज्यपालांना खुलं पत्र)

माननीय राज्यपाल महोदय,
बँकॉक महानगर



आमच्याकडे राज्यपाल म्हणजे दिल्लीहून नेमणूक होऊन आलेले, मंत्र्यांना शपथ देणारे आणि पदवीदान समारंभांना लाभणारे गृहस्थ. आपल्याकडे शहराच्या कारभाऱ्याला राज्यपाल म्हणतात आणि त्याला लोक मतं देऊन निवडतात, हे मला तिथून परत आल्यावर कळलं. म्हणजे फुटपाथ, गटारं, झाडं, फेरीवाले, सगळं आपल्या हाती. माझी गोष्ट फुटपाथवर घडली, म्हणून हे पत्र आपल्याला.

आपल्याला मराठी येत नसणार, याची कल्पना आहे. पण खुल्या पत्राचं असंच असतं, पाकिटावर नाव एकाचं आणि वाचणारे भलतेच. त्या भलत्यांपैकी बरेच जण सध्या आपल्या शहराच्या वाटेवर आहेत. १० नोव्हेंबर २०२३ पासून आम्हा भारतीयांना थायलंडला जायला व्हिसा लागेनासा झाला आणि आमच्या कॉलनीत जो तो बँकॉकच्या गोष्टी सांगू लागला. पूर्वी काशीहून आलेल्याकडे लोक गंगेचं पाणी मागायचे, आता बँकॉकहून येणाऱ्याला हत्तीच्या चित्रांची विजार आणायला सांगतात. आम्हीही २०२४ च्या जानेवारीत गेलो. मी सांगलीतल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. ठेकेदारांच्या मोजमाप वह्या तपासण्यात यांची हयात गेली, आणि तेवढ्या वर्षांत यांना कुणी टोपी घालू शकलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय. कारण कुणी फसलं असं ऐकलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतं ते 'असेल बावळट'. मीही आजवर हेच म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाट फोमध्ये पहुडलेला बुद्ध पाहिला. ४६ मीटर लांब. त्याच्या पाठीमागे भिंतीच्या कडेने १०८ वाट्या ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकीत एक नाणं टाकत पुढे जायचं. टण, टण, टण, असा आवाज त्या लांबट दालनात अखंड चालू असतो. यांनी वाट्या मोजल्या. बरोबर १०८ भरल्या तेव्हा यांना बरं वाटलं. बाहेर आलो, रस्त्यापलीकडे राजवाड्याची पांढरी भिंत.

या भिंतीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. ही भिंत सारी मिळून १९०० मीटर. तिला दारं पुष्कळ. पण पाहुण्यांनी आत जायचं ते दार उत्तरेच्या अंगाला, सनाम लुआंग मैदानाकडे. वाट फो दक्षिणेला. म्हणजे वाट फोहून निघालेल्या माणसाला आधी भेटते ती लांबच लांब भिंत आणि लावलेली दारं. आम्ही अशाच एका लावलेल्या दारासमोर नकाशा उलटासुलटा करत उभे राहिलो. आत जाणारं कुणी दिसत नव्हतं. अशा वेळी कुणी येऊन 'आज बंद आहे' म्हणालं, तर आपलेच डोळे त्याच्या बाजूने साक्ष देतात.

तसे एक गृहस्थ आलेच, पन्नाशीचे. फिका निळा शर्ट, इस्त्री कडक, बुटांना पॉलिश, गळ्यात ओळखपत्राची दोरी आणि ओळखपत्र शर्टाच्या खिशात. मला ते मास्तर वाटले. त्यांनी हाक मारली नाही, अंगचटीला आले नाहीत. जाता जाता थबकले आणि म्हणाले, आत भिक्खूंची प्रार्थना चालू आहे, राजवाडा दीड वाजता उघडेल. कुठले तुम्ही, असं विचारलं. "सांगली" म्हटल्यावर त्यांनी अशी मान हलवली की जणू मिरजेला गाडी बदलायची त्यांना सवय आहे. मग यांच्या हातातला नकाशा अलगद घेतला आणि पेनने गोल काढू लागले. इथे ३२ मीटर उंचीचा उभा बुद्ध आहे, तो बघा. इथे एक लहान देऊळ आहे, पर्यटकांना माहीत नाही, आजचा दिवस शुभ. आणि इथे रत्नांचं एक्स्पोर्ट सेंटर आहे, सरकार वर्षातून एकच आठवडा कर माफ करतं, आज शेवटचा दिवस, पण तुम्हाला नसेल आवड तर जाऊ नका.

'जाऊ नका' हे त्यांचं वाक्य मी वर्गात शिकवण्याच्या लायकीचं मानते.

वर त्यांनी आम्हाला भामट्यांपासून सावधही केलं. पांढऱ्या पाटीचे टुकटुकवाले लुटतात, पिवळ्या पाटीचा घ्या, तो सरकारी, वीस बाटमध्ये तिन्ही ठिकाणं फिरवेल. वीस बाट म्हणजे तेव्हा आमचे पन्नास रुपयेही नव्हते. तेवढ्यात पिवळ्या पाटीचा एक टुकटुक आलाच. हे मोजमाप वह्यांचे मास्टर, पण यांना त्या वेळी एवढाच प्रश्न पडला की माणूस इतका चांगला असेल तर त्याला चहा कसा पाजावा.

पुढचं सगळं रीतसर झालं. लहान देवळात सावलीला एक चुणचुणीत तरुण बसला होता. बूट बाहेर काढलेले, कपाळावर घाम. बायको आत पूजा करतेय म्हणाला. बोलता बोलता त्याने सांगितलं की लग्नाच्या वेळी त्याने त्या एक्स्पोर्ट सेंटरमधूनच नीलम घेतला आणि परदेशात दुपटीने विकला. आम्ही विचारलंही नव्हतं. आपल्या भाषेत अशा माणसाला 'ना मा' म्हणतात, घोड्याच्या तोंडाचा, हे मी नंतर वाचलं. आमच्या आठवडी बाजारात गोळ्या विकणाऱ्याच्या घोळक्यात 'मला गुण आला हो' म्हणून पुढे येणारा जो असतो, त्याचा हा भाऊ. फक्त हा इंग्रजी बोलतो.

उभा बुद्ध खरोखर सुंदर आहे, त्याला मी कशात ओढत नाही.

मग दुकान. थंडगार, काचा लख्ख, थंड पेयं हातात. एका टेबलापाशी कारागीर खडे घासत बसलेला, म्हणजे आपल्यासमोरच काम चाललंय असं वाटावं. मुलीने ट्रे पुढे केला आणि 'शनी' हा शब्द उच्चारला. इंग्रजीत नव्हे, आमच्याच उच्चाराने. कुणीतरी तिला पढवलं होतं की भारतीय बाईला नीलम दाखवताना शनीचं नाव घ्यायचं. माझा ज्योतिषावर विश्वास नाही. पण आमच्या सूनबाईंची साडेसाती चालू आहे, हे मला माहीत होतं, आणि माणसाचा विश्वास नसला तरी माहिती असतेच. २६,००० बाट झाले. रुपयांत साठ हजारांवर. यांनी कार्ड दिलं, मी सही कुठे करायची ते दाखवलं. प्रमाणपत्र मिळालं, मखमली डबी मिळाली. खडा पोस्टाने घरपोच पाठवू म्हणाले, तेवढं मात्र यांनी ऐकलं नाही. यांचा पोस्टावर विश्वास नाही. माणसांवर होता.

टुकटुकवाल्याने आम्हाला राजवाड्याच्या खऱ्या दाराशी आणून सोडलं. वीस बाट घ्यायलाही तो विसरला, इतका खुशीत होता. घड्याळात तीन पस्तीस झाले होते. राजवाडा साडेतीनला बंद झाला होता. या वेळी खरोखर.

तिथे दाराशी पाटी आहे. राजवाडा रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो आणि अनोळखी लबाड माणसांवर विश्वास ठेवू नये, अशा अर्थाची. हे पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. खाली वाकून पाटीचा कोपरा तपासला. मला वाटतं, ते मापं घेत होते.

रात्री हॉटेलात आम्ही दोघं टीव्ही लावून बसलो. थाई मालिका होती, काही कळत नव्हतं, पण बंद करायची कुणाची हिंमत नव्हती, कारण बंद केला असता तर बोलावं लागलं असतं. खोलीतल्या माहितीपुस्तिकेत पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर होता. मला तो अजूनही तोंडपाठ आहे. आम्ही तो फिरवला नाही. काय सांगणार होतो? कुणी चाकू दाखवला नव्हता, पाकीट मारलं नव्हतं. आम्हाला सरबत पाजून, पंख्याखाली बसवून, आमच्या सहीने गंडवलं होतं. फसवणुकीची तक्रार करायला गेलेला माणूस पहिली तक्रार स्वतःविरुद्ध लिहितो. आपल्या शहरात रोज जे फसतात त्यातले किती जण पोलिसांकडे जात असतील, याचा अंदाज मी आमच्यावरून बांधते. त्या निळ्या शर्टवाल्या गृहस्थांच्या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे, आमची लाज.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठलाच आम्ही उत्तरेच्या दारात. माणशी ५०० बाट. आत पाचूचा बुद्ध आहे, उंची ६६ सेंटिमीटर, राजा वर्षातून तीनदा त्याची वस्त्रं बदलतो. आणि तो पाचूचा नाही. हिरव्या दगडाचा आहे, रंगावरून पाचूचा म्हणतात. हे कळलं तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं आणि आदल्या दुपारपासून पहिल्यांदा हे हसले. नंतर आपल्या शहराचं लांबलचक पूर्ण नाव वाचायला मिळालं. जगातलं सर्वांत लांब गावाचं नाव म्हणतात ते. त्यात 'रत्तनकोसिन' आहे, म्हणजे इंद्राचं रत्न. 'नोप्परात राचथानी' आहे, म्हणजे चक्क नवरत्न राजधानी. १७८२ साली पहिल्या रामाने वसवलेलं शहर, नावातच रत्नांची पेठ. आम्ही तिथे खडा घेतला नसता तरच नवल.

पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियन चितारलेलं आहे, १७८ चित्रांत. आमच्या रामायणाची आपली आवृत्ती. राम हिरवा, हनुमान पांढरा, आणि रावणाचं नाव थोत्सकान, म्हणजे दशकंठ. मी त्या ओवऱ्यांतून दोन तास फिरले. सोन्याचं हरीण आणि त्यामागोमाग दाराशी आलेला साधू, हा प्रसंग मी आयुष्यात तीसेक वेळा तरी शिकवलाय. प्रत्येक वेळी पहिल्या बाकावरची कुणीतरी मुलगी विचारायची, "बाई, सीतेला कळलं कसं नाही?" मी उत्तर द्यायचे, लोभ. आता वाटतं, ते उत्तर पुरतं नव्हतं. हरीण लोभाने बघितलं, ते ठीक. पण रेषा ओलांडली ती दारात साधू भुकेला उभा आहे म्हणून. आम्हीही दुकानात गेलो ते एका सभ्य माणसाचा शब्द मोडवेना म्हणून. नीलम नंतर आला.

सांगलीत परतल्यावर आठवडाभर डबी कपाटात ठेवली. मग सराफकट्ट्यावर गेले. दुकान आता माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे, दहावी ब. त्याने डोळ्याला भिंग लावलं, खडा चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवला, परत फिरवला.

"बाई, खडा खरा आहे."

मी सुटकेचा श्वास टाकला.

"खरा आहे म्हणूनच पंचाईत आहे. नीलमच आहे. पण भट्टी दिलेला आहे, पाणी नाही, आत रेघाच रेघा. आपल्याकडे सात-आठ हजाराला मिळाला असता. प्रमाणपत्रात काय लिहिलंय बघा. नीलम आहे, वजन इतकं. किमतीबद्दल एक अक्षर नाही."

मग त्याने ड्रॉवर उघडून तसाच एक दाखवला. एका डॉक्टरांनी परत विकायला आणलेला, तोही बँकॉकचा, डबीही तीच मखमली. डॉक्टरांचं नाव त्याने सांगितलं नाही. "बाई, कुणी कुणाला सांगत नाही," म्हणाला. आमच्या गल्लीत कुठेतरी आणखी एक फसलेला माणूस राहतो, रोज सकाळी फिरायला जाताना मला भेटतही असेल, आणि आम्ही दोघंही हवेबद्दल बोलतो.

राज्यपाल महोदय, या धंद्यातली हुशारी ती हीच. खडा काचेचा निघाला असता तर गुन्हा सरळ होता. इथे वस्तू खरी, कागद खरा, पावती खरी. खोटं फक्त तोंडी: राजवाडा बंद आहे, आज शेवटचा दिवस आहे, परदेशात दुपटीने जातो. आणि ते खोटं ज्याने सांगितलं तो दुकानात कामाला नाही. तो फुटपाथवर, तरुण देवळात, टुकटुकवाला रस्त्यावर. एकाचा दुसऱ्याशी संबंध लावून दाखवा म्हटलं तर पोलीस काय दाखवणार? याचा सगळ्यात मोठा तोटा कदाचित आपल्याच देशाचा आहे. चंथाबुरी हे गाव माणिक-नीलमच्या व्यापारासाठी आणि खडे तापवून रंग खुलवण्याच्या कसबासाठी जगभर नावाजलेलं आहे. तिथला सच्चा व्यापारी उद्या सांगलीला आला, तर माझा विद्यार्थी त्याला पाणी विचारायच्या आधी हात जोडेल.

टुकटुकवाल्यावर मात्र माझा राग धरत नाही. मी चौकशी केली, वाचलं. गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत नेलं की, त्याने काही घेवो न घेवो, चालकाला इंधनाचं कूपन मिळतं, आणि खरेदी झाली तर वर कमिशन. म्हणजे वीस बाटमध्ये दिवसभर फिरवणं त्याला परवडतं ते आमच्यामुळे नाही. भाडं आम्ही देत नसतोच, आम्हीच भाडं असतो. दिवसभर त्या धुरात आणि उन्हात गाडी हाकणाऱ्याला टाकी भरून मिळत असेल, तर तो उद्याही आमच्यासारख्यांना नेणार. त्याला पकडून काय होणार. तेलाचे पैसे कोण भरतं, ते पकडायला हवं.

आता कुणी म्हणेल, स्वतःच्या अंगणात काय चाललंय ते आधी बघा. बघते. २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या माथेरानच्या लोकांनी गाव बंद ठेवलं होतं. माथेरान हे मुंबईजवळचं थंड हवेचं ठिकाण, मोटारी तिथे गावात जात नाहीत, दस्तुरी नाक्यावर थांबतात. गावकऱ्यांची तक्रार अशी की त्या नाक्यावर काही जण पर्यटकांना खोटं सांगतात, मिनी ट्रेन बंद आहे, ई-रिक्षा नाही, आणि घोड्यावर बसवून अव्वाच्या सव्वा पैसे घेतात. 'बंद आहे.' शब्दसुद्धा तेच. ती बातमी वाचताना मला एकदम आपल्या शहरातला फुटपाथ दिसला. आणि मला त्या बंदचं विशेष वाटलं ते असं, की फसवणुकीविरुद्ध पर्यटक नाही, हॉटेलवाले, दुकानदार, म्हणजे ज्यांची पोटं पर्यटकांवर आहेत, ते स्वतःच रस्त्यावर आले. त्यांना कळलं होतं की नाक्यावर फसलेला माणूस वर येऊन चिक्कीसुद्धा घेत नाही.

आपल्याकडे मागणं फार मोठं नाही. राजवाड्याच्या दाराशी पाटी आहे, पण दारापर्यंत जो पोचला तो वाचलाच. पाटी हवी तिथे, जिथे थाप मारली जाते. वाट फोसमोरच्या लावलेल्या दारावर. तिथे पाटी असलीच तर मला दिसली नाही, कारण मी त्या गृहस्थांच्या बुटांकडे बघत होते. आणि पाटीवर अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, असं लिहू नका. आपला देश हसऱ्या माणसांचा म्हणून जगभर जाहिरात करतो आणि दारात लिहितो की हसणाऱ्यावर भरवसा ठेवू नका, हे काही बरं दिसत नाही. एवढंच लिहा: 'हे दार पाहुण्यांसाठी नाही. राजवाडा आज उघडा आहे. दार उत्तरेला, भिंत उजव्या हाताला धरून चाला.' बाण काढा. हिंदीतही लिहा. जमलं तर मराठीतही. ती मी फुकट लिहून देईन, शुद्धलेखनासकट.

दुसरं म्हणजे, आपल्या महापालिकेची गणवेशातली माणसं असतात, तेसकित म्हणतात त्यांना, फेरीवाल्यांवर लक्ष ठेवणारी. भाजीवालीच्या टोपलीवर त्यांची नजर असते, तर इस्त्रीच्या शर्टावरही पडायला हरकत नाही. आपल्या शहरात म्हणे नागरिक फोनवर फुटलेल्या फरशीचा फोटो टाकतात आणि महापालिका ती दुरुस्त करते. ट्रॅफी फॉन्ड्यू असं काहीतरी चमचमीत नाव आहे त्या सोयीचं. ही फरशीही फुटलेलीच आहे. फोटो काढता येत नाही, एवढंच. कूपनांचं काय करायचं ते आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

खरं तर पैशांसाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. साठ हजार गेले, वाईट वाटलं, पुढच्या वर्षी रंगकाम केलं नाही, विषय संपला. लिहितेय ते तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळसाठी.

राजवाडा बघून झाल्यावर आम्ही जवळच्या ताईत-गंड्यांच्या बाजारातून हिंडलो आणि संध्याकाळी ता चांगच्या धक्क्यावर आलो. ता चांग म्हणजे हत्तीघाट, पूर्वी राजाचे हत्ती तिथे नदीवर आणत. नारिंगी झेंड्याच्या बोटीने हॉटेलकडे परतायचं होतं. काळोख पडू लागला होता. धक्क्याच्या तोंडाशी एक बाई हातगाडीवर पेरूच्या फोडी विकत होत्या, सोबत तिखटमीठ. आमच्याच वयाच्या. आम्हाला आत जाताना बघून त्यांनी हात हलवला आणि काहीतरी म्हणाल्या. आम्ही हसून पुढे गेलो. त्या गाडी सोडून मागोमाग आल्या. नदीकडे बोट दाखवलं, मनगटावर घड्याळ नसलेल्या जागी टिचकी मारली आणि म्हणाल्या, "मोत लेओ, मोत लेओ." मला ते 'मौत' ऐकू आलं आणि मी दचकले. यांनी माझा दंड धरला. "चल. परत तेच. आता म्हणेल बोट बंद आहे, माझ्या भाच्याची टॅक्सी आहे." त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं तेव्हा तर आमची खात्रीच पटली. यांनी हात वर करून "नो, नो" केलं, जरा मोठ्याने. लहान मुलावर ओरडतात तसं. बाई थांबल्या. दोन पावलं मागे सरल्या, हात जोडले आणि गाडीकडे गेल्या.

आम्ही धक्क्यावर बसलो. नदीत जेवणाच्या मोठ्या बोटी दिवे लावून जात होत्या, नारिंगी झेंडा कुठे दिसेना. पाऊण तासाने एक शिपाई आला, त्याने साखळी ओढली आणि हाताने 'संपलं' अशी खूण केली. शेवटची बोट आमच्या येण्याआधीच गेली होती. रस्त्यावर आलो, मीटरची टॅक्सी मिळाली, शंभर बाटच्या आत हॉटेल. पेरूची गाडी तोवर गेली होती. ती उभी होती तिथे फरशी धुतलेली होती, ओली.

'मोत लेओ' म्हणजे संपलं, गेलं, हे मला आमच्या हॉटेलातल्या मुलीने सांगितलं. आणि आम्हा भारतीयांना आपल्या भाषेत 'खेक' म्हणतात, त्याचा एक अर्थ पाहुणा असाही होतो, हेही तिनेच. त्या बाईंनी कदाचित आम्हाला तीच हाक मारली असेल. ऐकू आली नाही.

निळ्या शर्टातल्या गृहस्थांनी माझ्याकडून २६,००० बाट नेले, त्याची पावती माझ्याकडे आहे. पेरूवाल्या बाईंसमोर यांचा जो आवाज चढला, तो कुठल्या खात्यात लिहायचा, ते आमच्या ह्यांनाही ठरवता आलेलं नाही. आपली माणसं रोज त्या धक्क्यावर फेऱ्या मारत असतील. तिथे संध्याकाळी पेरू विकणाऱ्या एक बाई असतात. साठीच्या, घड्याळ न घालणाऱ्या. आम्हाला त्यांच्याकडून दोन पाकिटं घ्यायची होती, जास्त तिखट घालून.

कळावे,
सांगलीची एक निवृत्त शिक्षिका

ता. क. नीलम कुणाला लाभतो, कुणाला बाधतो म्हणून आमच्याकडे तो आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघायची पद्धत आहे. सूनबाईंनी ठेवला. तिन्ही रात्री त्यांना छान झोप लागली. मग त्यांनी मला विचारलं, "आई, केवढ्याला घेतला?" मी अजून सांगितलेलं नाही.